सुताराचा कॅमेरा

बायकोचं स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सुताराला सांगितलं. जीव वाचेल, पण आवाज कायमचा जाईल.

"किती दिवस आहेत?" सुताराने विचारलं. डॉक्टर चाचरले. "आयुष्याचं नाही विचारत. आवाजाचं विचारतोय."

ऑपरेशनला तीन आठवडे होते.

त्याची बायको शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. गल्ली तिला बाई म्हणायची, आणि सुतारही घरात बाईच म्हणायचा, आधी चेष्टेने, मग सवयीने. एकुलती एक मुलगी दूरच्या गावी होती, दिवस भरत आलेले, प्रवास बंद. फोन बाईनेच घेतला; मुलगी रडली आणि मग वडलांना निरोप दिला, "बाबा, आई वर्गात सांगते त्या गोष्टी भरून ठेवा. माझ्या बाळाला आजीचा आवाज ऐकवायचाय."

"इतकी वर्षं माझा आवाज तुमच्या कानात शिरला नाही," बाई नवऱ्याला म्हणाली, "आता डब्यात भरून काय लोणचं घालणार?"

खोटं नव्हतं ते. करवतीच्या मशीनपाशी तीस वर्षं उभं राहून त्याचे कान गेल्यातच जमा होते. पण तो ते कुणाजवळ कबूल करत नसे.

दुकानदाराने परवडतील असे दोन व्हिडिओ कॅमेरे काचेवर ठेवले. एक जाडजूड, काळपट, बारक्या पडद्याचा. "याला वेगळा माइक लागतो," दुकानदार म्हणाला. "कॉलरला लावायचा. घरातलं बोलणं घ्यायचं असेल, तर डोळे मिटून हा घ्या." दुसरा चपटा, देखणा. सुताराने तो डोळ्याला लावला, बटण दाबलं, तशी रस्त्यापलीकडच्या पाटीवरचे खिळे हाताशी आले. एक खिळा वाकडा ठोकला होता, तोही त्याला दिसला. उभा जन्म त्याने डोळ्यांच्या भरवशावर काढला होता. त्याने चपटा घेतला.

रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर बाई खिडकीपाशी बसायची.

"जवळ येऊ नका हं. गळ्याची गाठ दिसते."

मग तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दारात उभा राहायचा आणि बटण दाबून तिचा चेहरा जवळ ओढायचा. डोक्यावर पंखा गरगरत असायचा. "बोल, बोल, चालू आहे!" तो ओरडायचा. ती कोल्ह्याची गोष्ट सांगायची, टोपी हरवलेल्या म्हाताऱ्याची सांगायची, मधेच "अहो, ताठ उभे राहा, हलतंय सगळं" म्हणून त्याला झापायची. जेवणाआधी तो कॅसेट मागे घेऊन कॅमेऱ्याच्याच पडद्यावर बघायचा. एकेक शब्द कळत होता. सुतार खूश होता.

शेवटच्या दिवशी मधेच फाटकाशी गिऱ्हाईक आलं, चौकटीचं माप घेऊन. सुताराने चालू कॅमेरा तिच्याकडे रोखून स्टुलावर ठेवला, "तू थांबू नकोस, बोलत राहा," असं सांगून तो बाहेर गेला. परत आला तेव्हा बाई पदराने तोंड पुसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यात जायचं, म्हणून तिने त्याला लगेच सामान भरायला लावलं. ती कॅसेट बघायची राहून गेली.

ऑपरेशन झालं. बाईच्या गळ्याला भोक राहिलं, शाळा सुटली, हातात वही आली.

तीन महिन्यांनी मुलगी बाळाला घेऊन आली. तिने कॅमेरा टीव्हीला जोडला. बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली. चित्र झकास होतं, कानातली कुडीसुद्धा चमकत होती. पण मुलीने आवाज वाढवला, आणखी वाढवला, तरी पंख्याची घरघर, बटणाची कुरकुर आणि बापाचं "बोल, बोल!" यांपलीकडे काही येईना. आई विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी वाटत होती.

"बाबा, ह्यात आई कुठंय? सगळीकडे तुम्हीच आहात. तपासलं नाहीत का तुम्ही?"

"रोज तपासत होतो! हे बघ, आत्ता ती म्हणतेय, कोल्हा म्हणाला, आधी तू पुढे हो."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला ऐकू नाही येत बाबा," ती हळूहळू म्हणाली. "तुम्ही ओठ वाचताय."

सुताराने बायकोकडे बघितलं. बाईने मान हलवली. तिला कधीपासून ठाऊक होतं. म्हणूनच तर ती त्याच्याशी नेहमी समोर तोंड करून बोलायची.

 माइकवाला कॅमेरा दुकानात त्याच्या समोर होता, आणि त्याने तो काचेवरच सोडला होता.  मग तो म्हणाला, "मी सांगतो, तू लिहून घे." तो पडद्यावर डोळे लावून गोष्टी सांगू लागला, मुलगी लिहू लागली. बाळ कुरकुरलं, तशी बाई त्याला घेऊन आत गेली.

शेवटची कॅसेट लागली. "पोरी," सुतार वाचू लागला, "हे बाहेर गेलेत म्हणून सांगते..."

पुढे त्याची जीभ अडली. पडद्यावर बाई म्हणत होती: मला हे ऑपरेशन नको होतं. आहेत तेवढे महिने बोलून, शिकवून गेले असते. पण यांच्याकडे बघवत नाही, म्हणून हो म्हटलं. यांना कधी कळू देऊ नकोस.

"काय म्हणतेय?" मुलीने विचारलं.

"म्हणतेय," सुतार म्हणाला, "यांच्या हातात बाळ देऊ नकोस. धांदरट आहेत, पाडतील."

मुलगी हसली आणि तिने ते लिहून घेतलं. सुताराने मान वळवली. आतल्या दारात बाई उभी होती. तिने पडदा बघितला, मग त्याचा चेहरा. तिचे ओठ हलले, पण तोवर त्याने नजर फिरवली होती.

त्यानंतर चार दिवस त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. ती समोर आली की तो रंधा उचलायचा, लाकूड उलटंपालटं करायचा. राग तिच्यावर होता की स्वतःवर, त्यालाच उमगत नव्हतं. तो बघत नाही, तोवर तिला आवाजच नाही, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. पाचव्या दिवशी तिने त्याच्या हातातला रंधा काढून खाली ठेवला आणि त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"मला मुकी करू नका," ती म्हणाली.

तो तिथेच भुशात बसून रडला.

वर्ष सरायच्या आत दुखणं उलटलं, छातीत उतरलं. डॉक्टर म्हणाले, अजून एक उपचार आहे, त्रासाचा आहे, पण करून बघू. या वेळी सुताराने मागच्यासारखे बाईपुढे हात जोडले नाहीत, की गयावया केली नाही. खुर्ची फिरवून तो बायकोसमोर बसला.

"तुला काय हवंय? खरं सांग."

तिने सांगितलं. सावकाश, वर्गात सांगायची तसं, शब्द तोडून. त्याने तिचे ओठ दोनदा वाचले. मग डॉक्टरांकडे वळून नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाला, "नको म्हणतेय ती. घरी जायचंय तिला."

सात आठवड्यांनी बाई गेली. शेवटचे दोन दिवस तिचे ओठ हलत होते, पण आकार धरत नव्हते. मुलगी पुन्हा पुन्हा विचारत होती, "बाबा, आई काय म्हणतेय?" सुतार अगदी तोंडाजवळ वाकून बघत राहिला.

"मला कळत नाहीये गं," तो म्हणाला.