रंगाचा आणखी एक हात

निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांना विमान बांधायची हुक्की आली. टेबलावर मावेल एवढं, बॅटरीवर चालणारं, रेडिओनं उडवायचं. तेही कुठलं, तर लढाईतलं जुनं हरिकेन. माझे सासरे ब्रह्मदेशच्या लढाईत त्या विमानांचे मेकॅनिक होते. त्यांच्या फोटोतलं ते विमान एकदा आकाशात बघायचं, एवढीच ह्यांची इच्छा. घाई अशासाठी की साखरेच्या आजारानं ह्यांच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे खात आणले होते. "भगवानराव, बघायचं ते आता बघून घ्या," डॉक्टर म्हणाले होते.

मग काय, कोपरखैरण्याच्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल गेलंच. त्यावर हलक्या बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, टाचण्या, गोंद. आम्ही ताटं घेऊन जमिनीवर. ह्यांचं बोट कापलं की मी हळद दाबायची आणि वर चार शब्द सुनावायची. तरी सांगाडा उभा राहिला, त्यावर पातळ कागद चढला, आणि हे रंगाला बसले.

रंग म्हणजे ह्यांचा प्रांत. महाप्याच्या कारखान्यात रंगखात्याचे सुपरवायझर होते.

"नंदिनी, रंग बसला का गं?"

"बसलाय. छान झालंय. आता हात लावू नका."

"मला फिका वाटतोय."

की दुसऱ्या दिवशी आणखी एक हात. असं कितीदा झालं. माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवतील तर ते आमचे हे कसले! मी वैतागायची. फिकी होतेय ती ह्यांची नजर, हे माझ्याही ध्यानात आलं नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरचा ऋषी इंजिनियर, सुट्टीला असली विमानं उडवायचा. तळवलीच्या पुढे भराव टाकलेलं मोकळं मैदान होतं, तिथं तो आम्हाला घेऊन गेला. विमान सुसाट धावलं, पण उठलं नाही. गवतात जाऊन थांबलं.

ऋषीनं ते उचलून पंखावर नख ओढलं. जाड पापुद्रा निघाला. "काका, एवढा रंग? वजन किती वाढलंय! मोटर कशी उचलणार?"

"हिला विचारत होतो मी," हे म्हणाले. "ही बसलाय म्हणायची."

फिका रंग नव्हता, नजर होती, हे त्यांना तिथंच कळलं.

घरी ऋषीनं सरळ सांगितलं, रंगासकट कागद काढा, नवा लावा, रंग नको. पण पांढरं विमान आकाशात काकांना दिसणार नाही.

"मग शोकेसमध्येच ठेवू," मी म्हणाले. "निदान दिसेल तरी."

"नाही. उडायला पाहिजे," हे म्हणाले आणि कागद सोलायला लागले.

नवा कागद लावल्यावर त्यांनी विचारलं, "सुरकुती राहिली का कुठे?"

"नाही."

यावेळी त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

पुढच्या सुट्टीला त्याच मैदानात ते पांढरं विमान थोडंसं धावलं आणि उठलं. अगदी अलगद.

"कुठाय?"

"वर. पाण्याच्या टाकीच्या उजवीकडे."

ह्यांनी मान वर केली, डोळे बारीक केले. "नाही दिसत." बॅटरीची मोटर, वरून आवाजही येईना. मला रडू कोसळायच्या बेतात होतं.

तेवढ्यात ऋषीनं रिमोट ह्यांच्या हातात दिला. "काका, आता भरपूर उंच आहे. तुम्ही चालवा. काकू सांगतील. गडबड झालीच तर मी आहे."

"डावीकडे घ्या," मी म्हणाले. "अजून. पुरे. आता सरळ."

विमान वळून तोंड आमच्याकडे करून येऊ लागलं आणि मी गोंधळले. "उजवीकडे! उजवीकडे!"

"तुझं उजवं की विमानाचं?"

मी मनानं त्या विमानात जाऊन बसले. "विमानाचं."

त्यांनी रिमोटची काडी दाबली. विमान वळलं.

"वळलं?"

"वळलं."

"कसं दिसतंय गं?"

"पांढरं. कोरं."

"असू दे," हे म्हणाले. "तू बघ. नीट बघ."

माझे डोळे भरून वाहत होते. पुसायला मी हात उचलला नाही. नजर क्षणभर काढली असती, तर ह्यांचं विमान पडलं असतं.