पाच हजारावरचा काटा

तुम्ही खोटं लिहिलंत. नाव घेत नाही, पण ज्याच्या सहीनं त्या विमान अपघाताचा अहवाल निघाला त्याला बरोबर कळेल मी कुणाशी बोलतोय ते. सव्वीस पानं, आणि निष्कर्ष एका ओळीचा: "प्रशिक्षणार्थी वैमानिकाने नेमून दिलेली उंची राखली नाही."

ती प्रशिक्षणार्थी म्हणजे सुकन्या, माझी धाकटी बहीण. मी बजरंग. तिच्या मागच्या सीटवर मी होतो. त्या विमानातून जिवंत निघालेला मी एकटा, आणि माझा जबाब तुम्ही घेतला नाही. का, तर "साक्षीदारास तांत्रिक ज्ञान नाही." खरंय. मी दहावी नापास, मांजरसुंब्याच्या घाटात टेम्पो चालवायचो. पण पाय गेल्यावर वर्षभर घरात बसून वाचलंच की. मोबाईलवर, एकेक इंग्रजी शब्द शोधून. आता ऐका.

दसऱ्याचा दिवस. बीडजवळच्या माळावर तुमच्या खात्यानं नवी धावपट्टी केली, तिचं उद्घाटन. तलवाड्याच्या मेंढपाळाची पोर विमान उडवते हे मंडपातल्या लोकांना दाखवायचं होतं. फोटोत घरचे पाहिजेत म्हणून आमच्या दारात गाडी पाठवलीत. वर निरोप, "आईला आरतीचं ताट घेऊन आणा."

माय कडूबाई. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. दसऱ्याला घरातल्या कात्रीपासून टेम्पोपर्यंत सगळ्याला ती कुंकू लावते, तशी विमानाभोवती फिरली. दाराच्या पुढं पत्र्यावर लाल रंगाचा गोल काढलेला होता, मधोमध बारीक भोक. गोलाखाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. मायला वाटलं, कुंकवाची जागा आखूनच ठेवलीय. मेंढ्याच्या कपाळाला लावतात तसं तेलात कालवलेलं कुंकू तिनं अंगठ्यानं दाबून लावलं, वर तांदूळ चिकटवले.

"आज्जी, अजून एकदा! हिकडं बघून!" फोटोवाला ओरडला. तिनं अजून एकदा दाबलं. ताट धरायला शेजारी तुमचे साहेब उभे होते.

त्या गोलाखाली लिहिलं होतं, हे भोक बंद करू नका. बाहेरच्या हवेचा दाब त्यातून आत जातो आणि त्यावर उंचीचा काटा चालतो. हे मला आता माहीत आहे. मायला कोण सांगणार होतं?

सुकन्यानं बघितलं. मी लपवत नाही. उडायच्या आधी विमानाभोवती फेरी मारून तपासायचं असतं, ते तिनं केलं आणि रुमाल काढला.

"सर, एवढं पुसून घेते."

माईकवर तिचं नाव पुकारत होते. तुमचा इंजिनिअर म्हणाला, "सगळे कॅमेरे लागलेत आणि आईचं कुंकू पुसतेस? पलीकडच्या अंगाला दुसरं भोक आहे ना. एकावर चालतं. बस लवकर."

तिनं मायकडं बघितलं. माय हसत होती. रुमाल खिशात गेला. तिची चूक एवढीच.

विमान लातूरला नेऊन ठेवायचं होतं. तिच्या शेजारी शिकवणाऱ्या वर्षाराणी मॅडम, मागं मी, घरचा माणूस म्हणून फोटोसाठी बसवलेला. परतीच्या पावसाचे ढग दाटले होते. दहा मिनिटांत खिडकीबाहेर नुसतं पांढरं झालं. वर का खाली, काही कळेना. रेडिओवर पाच हजार फूट राखायला सांगितलं, सुकन्यानं ते परत म्हणून दाखवलं.

"दादा, घाबरलास का?"

"मी? घाटात ब्रेक फेल झालेला गडी हाय मी."

"मंग सीट कावून धरून बसलास?"

मॅडम हसल्या. "सुकन्या, बडबड कमी. काटे बघ."

मग पाऊस आडवा मारायला लागला. खड्ड्यातून टेम्पो जावा तसं विमान आदळत होतं. आणि उंचीचा काटा पाच हजारावर. हलायचं नाव नाही.

"बघा मॅडम, एक फूट इकडं न्हाई की तिकडं न्हाई."

"शाब्बास. असंच ठेव."

माझ्या कानाला दडे बसले. घाट उतरताना बसतात तसे. वर चढतानाचे वेगळे असतात, खाली उतरतानाचे वेगळे. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"सुके, आपण खाली चाललोय."

"न्हाई दादा, पाच हजारालाच हाय."

"अगं, माझे कान सांगतेत."

मॅडम मागं न वळता बोलल्या, "ढगात कान, पोट, डोकं सगळं खोटं बोलतं, भाऊ. इथं फक्त काट्यावर विश्वास ठेवायचा. पहिल्या दिवशी आम्ही हेच शिकवतो."

मी गप्प बसलो. शिकलेल्या माणसापुढं मी गप्प बसतो, ही माझी चूक. लिहून घ्या.

तिकडं दुसऱ्या भोकात पावसाचं पाणी शिरलं होतं. पहिलं कुंकवानं बुजलेलं. नळीतली हवा आतल्या आत कोंडली आणि काटा होता तिथं खिळला. वेगाच्या काट्यालाही त्याच नळीतली हवा लागते. वादळ विमानाला खाली दाबत होतं, आणि ते जसं खाली जाईल तसा वेगाचा काटा खोटाच वाढत गेला. वेग वाढतोय म्हणून सुकन्यानं इंजिनाचा जोर कमी केला. विमान अजून खाली. तिला शिकवलं होतं तसंच ती करत होती, आणि तसंच करत करत ती डोंगराकडं उतरत होती.

मॅडम एकदम पुढं वाकल्या. "एवढे धक्के बसतायत, मग काटा हलत का नाही?"

अशा वेळी बाहेरच्या हवेऐवजी विमानातली हवा काट्याला द्यायला खाली एक खटका असतो. त्यांनी ओढला. गंजलेला. दोघींनी मिळून ओढला. हलला नाही. मग मॅडमनी आग विझवायची बाटली उचलली आणि त्याच नळीवरच्या एका डायलची काच फोडली. काच फुटली तशी विमानातली हवा नळीत शिरली, आणि शेजारचा उंचीचा काटा पाच हजारावरून सरसर खाली आला. तीन हजाराच्याही खाली.

"वर घे! सुकन्या, वर घे!"

"घेतेय!"

इंजिन किंचाळलं. पांढऱ्यातून पवनचक्कीचं पातं समोर आलं, ट्रकएवढं. सुकन्यानं विमान डावीकडं टाकलं. पातं चुकलं. डोंगर चुकला नाही.

दोघी जागेवर गेल्या. मला मेंढरं राखणाऱ्यांनी दार उचकटून ओढून काढलं.

माय रोज विचारायची, "बजरंगा, पोरगी कावून पडली रं?" वर्षभर मी "पाऊस" म्हणत राहिलो. मग तुमचा अहवाल पेपरात आला आणि गावात लोक म्हणायला लागले, "पोरीच्या हातात इमान देतेत व्हय!" त्या दिवशी मी मायला सांगून टाकलं. कुंकू, तांदूळ, भोक, सगळं.

माय म्हणाली, "कुंकवाचं त्यांनी लिवलंय का?"

"न्हाई."

"कावून?"

"फोटोत त्यांचे साहेब हायेत, माय."

"मंग तू लिव. माज्या हातानं झालं तर माजं नाव घाल. माज्या लेकीच्या माथी कावून?"

त्यानंतर दोन दिवस तिनं अन्नाला हात लावला नाही. अजूनही कुणी बोलावलं तर हळदी-कुंकवाला जात नाही.

तिनं सांगितलं तसं नाव घातलंय. कडूबाई गहिनीनाथ, रा. तलवाडा. माझंही घातलंय. तुमच्या इंजिनिअरचं, ताट धरणाऱ्या साहेबांचं आणि तो गंजलेला खटका ज्यानं तपासल्याची सही केली त्याचं नाव तुम्ही घाला. ते राहिलं तरी एक प्रश्न राहतोच. समोरचा काटा पाच हजार दाखवत होता. माझ्या बहिणीनं तुम्ही दिलेली उंची राखली होती की नव्हती? सव्वीस पानं नकोत. होय किंवा नाही लिहा, खाली सही करा. कधी देताय?