माईच्या पेल्यातलं काळं

मंगळवार आणि शुक्रवार, आठवड्यातून दोनदा, वडिवळ्याच्या धरणाखाली राजेश्वरी माईच्या पत्र्याच्या शेडसमोर बायकांची ही मोठी रांग लागायची. कामशेतहून रिक्षा भरभरून यायच्या, उर्स्याहून तर टेम्पोच यायचा. माई पांढरी साडी नेसून खुर्चीत बसायची. पुढ्यात काचेचा पेला, त्यात पिवळसर तीर्थ. समोरच्या बाईचा अंगठा अंगाऱ्यात दाबायचा, तीर्थात बुडवायचा, आणि बघता बघता पेला काळाकुट्ट!

"निघालं, निघालं! रक्तातलं काळं निघालं!" माई बुबुळं फिरवून ओरडायची. "तीन वार कर बाळ. आन ती सरकारी गोळी बंद. गोळीनं काळं आतच गोठतंय."

तिसऱ्या वारी पेला स्वच्छ राहायचा आणि बाई रडत माईचे पाय धरायची. तिचा अशक्तपणा गेला का, हे विचारायचं कुणाला सुचत नव्हतं. पेला स्वच्छ झाला ना, मग झालं.

त्या मंगळवारी रांगेच्या कडेला रेणुका उभी होती आणि जळत होती. उगाच आडपडदा कशाला? चांगली करपत होती. रेणुका गावची आशाताई. गरोदर बायकांची नोंद ठेवायची, रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या पोचवायच्या, वेळ आली की दवाखान्यात न्यायचं, हे तिचं काम. आठ वर्षं ती दारोदार फिरत होती. तिची चाहूल लागली की शकुबाई आतूनच सांगायची, "घरात कुनी न्हाई." तीच शकुबाई आज ठेवणीतलं लुगडं नेसून सहा वाजल्यापासून रांगेत! रेणुकाला आठ वर्षांत कुणी बसायला पोतं टाकलं नव्हतं, आणि ह्या काल आलेल्या बाईला खुर्ची, वर डोक्यावर पंखा. घरी भाकरी थापतानाही तिला माईचं तोंड दिसायचं आणि थाप जरा जोरातच पडायची.

पण या जळफळाटाच्या खाली भीती होती. रांगेत धोंडाबाईची सून तेजल होती. आठवा महिना, चार पावलं टाकली की धाप, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक. हिमोग्लोबिन पावणेसात. बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला असता तरी पोर हातची गेली असती. डॉक्टरांनी तिला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. तेजल चोरून चुलीची माती खायची. रक्त कमी झालं की कुणाकुणाला अशी माती खावीशी वाटते. माईने त्याचाही अर्थ लावला होता, "धरणीमाय लेकराला बोलवतीया. तीन वार होईस्तोवर येशीबाहेर काढू नका."

"मावशी, गाडी बोलावते, आजच नेऊ," रेणुकाने धोंडाबाईला विनवलं.

"तुज्या गोळ्या चार महिनं खाल्ल्या न्हवं पोरीनं? म्या सोता दिल्या, रोज सकाळी च्यासंगं. रक्त वाढलं का? माईनं पैल्याच वारी काळं काढून दावलं."

माईकडे बघून रेणुकाचे डोळे आणखीच पेटले.

शुक्रवारी सकाळी ती पुन्हा धोंडाबाईच्या घरी गेली. धोंडाबाई अंगणात नारळ पिशवीत भरत होती. आत तेजलने घाईघाईने कप पदराआड धरला.

"ताई, सासूबाईंना सांगू नका. मी तुमची गोळी लपून घेते. आज मळमळलं, तोंडातनं कपात पडली."

रेणुकाने कप हातात घेतला. तळाला अर्धवट विरघळलेली लाल गोळी आणि वर कोरा चहा, काळाकुट्ट झालेला. हा काळा रंग तिने मंगळवारीच माईच्या पेल्यात पाहिला होता.

सापडली भवानी! रेणुकाला पहिला आनंद झाला तो हाच, आणि तो काही फार उदात्त नव्हता. पण पुढच्याच क्षणी तिला धोंडाबाईचं 'रोज सकाळी च्यासंगं' आठवलं. प्रशिक्षणात सांगितलं होतं की गोळी चहाबरोबर देऊ नका, चहातला तुरटपणा गोळीतलं लोह धरून ठेवतो आणि अंगाला लागू देत नाही. पहिल्या वर्षी ती हे घरोघर सांगायची. कुणी ऐकेना, म्हणून सांगायचंच सोडलं होतं.

तिने कप खाली ठेवला. थर्मासमध्ये कोरा चहा ओतून घेतला, दोघींना सोबत घेतलं आणि रांग ओलांडून थेट माईसमोर बसली.

"माई, माझं बी काळं काढा. पण आधी साध्या पाण्यात."

माई नको म्हणायच्या आत रेणुकाने अंगाऱ्यात दाबलेला अंगठा आपल्या पाण्याच्या बाटलीत बुडवला. पाणी जरासं गढूळ झालं, काळं काही झालं नाही. मग तिने लाल गोळी कुटून माईच्या तीर्थात टाकली. पेला काळा पडला. रांगेत कुजबुज सुरू झाली.

"हिच्या अंगाऱ्यात हिराकस आहे. म्हणजे लोहच, माझ्या गोळीत असतं तसं. तीर्थ म्हणजे हिरड्याचा काढा, वासच सांगतोय; हिरडा चहासारखाच तुरट. दोन्ही भेटले की काळं होतं. तिसऱ्या वारी ही नुसती राख लावते, मग पेला स्वच्छ!"

"आगं, हिरडा आन हिराकसाची शाई माजा आजा करायचा!" शकुबाई ओरडली.

माई ताडकन उठली. "जळती ही माज्यावर! बघा तिचं त्वांड!"

दोघीचौघी हसल्या. रेणुकाचे कान लाल झाले.

"व्हय, जळते!" ती म्हणाली. "आठ वर्षं तुमच्या दारात उभी राहिले, कुणी पाणी विचारलं नाही. हिच्या पाया पडता. का नाही जळणार? पण माझं राहू द्या. हा चहा, ही गोळी. कुणीही करून बघा."

धोंडाबाई पुढे झाली. तिने स्वतः गोळी कुटली, स्वतः चहात टाकली आणि काडीने ढवळली. चहा काळा झाला.

"म्हंजे चार महिनं म्या माज्या सुनंला शाई पाजली?"

"मी सांगितलं असतं तर नसती पाजली मावशी," रेणुका खाली मान घालून म्हणाली. "चूक माझी आहे."

नारळाची पिशवी तिथेच टाकून धोंडाबाईने तेजलचा हात धरला. "गाडी बोलीव."

तेजलला दवाखान्यात रक्त चढवलं. पुढच्या महिन्यात मुलगी झाली, मायलेकी सुखरूप आहेत. माईवर पोलिसांत तक्रार झाली. आता धोंडाबाईच्या घरी लाल गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घेतात, ताटात नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, मोडाची मटकी असते आणि चहा जेवणानंतर तासाभराने होतो. रक्त पेल्यातून वाढत नाही, ते ताटातून वाढतं, आणि फारच उतरलं तर दवाखाना गाठावा लागतो.

परवा रेणुका तिथे गेली तेव्हा ओसरीवर आणखी चार बायका बसल्या होत्या. धोंडाबाई त्यांना डॉक्टरचं कौतुक सांगत होती, रेणुकाचं नावही नव्हतं. रेणुका पुन्हा थोडी जळलीच. तेवढ्यात धोंडाबाईने कॅल्शियमची पांढरी गोळी पुढे धरली.

"ही लालसंगं का न्हाई घ्यायची?"

"नाही घ्यायची म्हणजे नाही."

"पर का?"

रेणुकाला राग आला, कारण ते तिलाही नीट माहीत नव्हतं. मग तिने फोन काढला, डॉक्टरांना विचारलं आणि उत्तर सगळ्यांना ऐकवलं: कॅल्शियम लोहाला अंगात शिरू देत नाही, म्हणून एक सकाळी, एक संध्याकाळी.

तेव्हा बायांनो आणि बाप्यांनो, अंगारा देणारी असो की गोळी देणारी, तिला 'का' विचारा. ठाऊक नसेल तर तिने शोधून आणावं. आणि विचारलं म्हणून तिने शाप दिला, तर तिच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नका.