चहासुद्धा नाही

"आजोबा, सकाळपासून काही खाल्लंत?"

"छे हो सिस्टर, अगदी उपाशी. नुसता चहा घेतलाय."

झालं! हर्नियाचं ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढे गेलं. आजोबांचं तोंड एवढंसं झालं. आजी म्हणाल्या, "आता हे पुन्हा यायचे नाहीत. दुखणं अंगावर काढतील." सर्जनसाहेब माझ्यावरच उखडले.

"चार पानी सूचना देतो आपण. वाचता येत नाही का लोकांना?"

"वाचता येतं, सर. वाचवत नाही."

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदाच उलट बोलले. ते म्हणाले, "मग तुम्हीच लिहा. उद्या दाखवा."

मोठ्या तोऱ्यात बसले आणि दीड पान भरलं. वॉर्डातल्या आयाबाईंना, म्हणजे आमच्या मावशींना, वाचायला दिलं. तिसऱ्या ओळीला त्यांना जांभई आली.

"'आहार वर्ज्य' म्हणजे जेवायचं नाही, ना? मग चहा कुठं आहार आहे?"

अस्सं! म्हणजे आजोबा खोटं बोलतच नव्हते. मावशी जांभई देतील तिथे मी काट मारत गेले. माझी लाडकी वाक्यं गेली, जीव तुटला. उरलं एवढंच:

रात्री दहानंतर खायचं नाही. प्यायचंही नाही. चहासुद्धा नाही. चुकून घेतलात तर सांगा, कोणी रागावणार नाही.

"कोणी रागावणार नाही?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी रागावतो."

"म्हणून तर लोक लपवतात, सर."

त्यांनी सही केली. पहिला कागद मी आजोबांच्या घरी पाठवला, ऑपरेशनच्या नव्या तारखेसकट. येतील की नाही, या विचाराने आठवडाभर मला चैन नव्हतं.

सोमवारी दोघं आले. "कागद कुठंय?" मी विचारलं.

"चहाच्या डब्यावर चिकटवलाय," आजी म्हणाल्या. "हे पहाटे स्वयंपाकघरात गेले, वाचलं, आणि पाय आपटत परत आले!"

त्या दिवशी सहाच्या सहा ऑपरेशनं झाली. एकही पुढे गेलं नाही. साहेबांनी जुन्या चार पानी सूचनांचा गठ्ठा स्वतःच्या हातांनी रद्दीत टाकला. मला तर नाचावंसं वाटत होतं.

आजोबा आत असताना बाकावर एक बाई आजींना विचारत होती, "आमच्या ह्यांचं उद्या आहे. काय काय पाळायचं हो?" आजींनी बोटांवर मोजत सगळं सांगितलं, शेवटच्या 'कोणी रागावणार नाही'सकट.

मी सवयीने दुरुस्त करायला पुढे झाले होते. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच. मी दारातच उभी राहिले.