इशारा मी दिला होता

मित्रांनो, इस्पितळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मोडक्या खाटांना खेटून, मधोमध भलेमोठे भोक असलेले एक पांढरे धूड उभे आहे. तोच मी, एक जुना सीटी स्कॅनर. येणारे-जाणारे म्हणतात, "हेच ते बिघडलेलं यंत्र." मी कधीच बिघडलो नव्हतो, म्हणून तर ही हकीकत सांगायला बसलो आहे.

माणसाला फळीवर निजवून माझ्या पोकळीत सरकवत. मग क्ष-किरणांची नळी त्याच्याभोवती गरगर फिरे आणि शरीराच्या आतले सारे पडद्यावर दिसे. पण हे किरण जपून वापरावे लागतात. कामापुरते असले तर जीव वाचवतात, अती झाले तर इजा करतात. म्हणून कारखान्यातच मला एक शिकवण मिळाली होती. किरणांची मात्रा मर्यादेपलीकडे जाऊ लागली की मी पडद्यावर पिवळी चौकट उघडायचो आणि विचारायचो, 'मात्रा जास्त आहे, पुढे जायचे का?'

मला चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना सगळे ताई म्हणत. लहान मूल आले की ताई मात्रा कमी करी. म्हणे, "एवढ्याशा जिवाला मोठ्यांची मात्रा कशाला?" एकदा परांचीवरून पडलेल्या गवंड्याच्या डोक्यातला रक्तस्राव मी वेळेवर दाखवला. तो वाचला. त्या दिवशी ताईने माझ्या अंगावरची धूळ स्वतः पुसली आणि म्हणाली, "शहाणं आहे माझं यंत्र." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे राबलो.

पुढे नवे मोठे डॉक्टर आले. "चित्र दाणेदार येतंय. किरण वाढव," ते म्हणाले.

"सर, निदानाला एवढं पुरतं."

"निदान मी करतो ना? मला काचेसारखं स्वच्छ लागतं."

ताईने किरण वाढवले. मी पिवळी चौकट उघडली. तिने 'हो' दाबले. मग हे रोजचेच झाले. एके दिवशी ती वैतागली. "काय याची सारखी भुणभुण," म्हणत तिने मर्यादाच इतकी वर नेऊन ठेवली की चौकट उघडेचना. ज्या हाताने माझी धूळ पुसली, त्याच हाताने माझे तोंड बंद केले.

आणि मग एक शिंपीणबाई आल्या. कात्री धरायचा हात अचानक बधिर झाला म्हणून भाऊ त्यांना घेऊन आला होता. मेंदूतला रक्तपुरवठा बघायचा होता. या तपासणीत किरण एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा जातात, त्यामुळे तिथे मात्रा मोजकीच हवी. ताईने तर नेहमीसारखे किरण वाढवलेलेच ठेवले होते. मला ओरडून सांगायचे होते, पण तोंड बंद असताना सांगणार कसे? चित्र काचेसारखे स्वच्छ आले. मेंदूत काही दोष नव्हता. सगळे खूश झाले.

काही आठवड्यांनी बाई परत आल्या. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला. या कानापासून त्या कानापर्यंत केसांचा पट्टाच्या पट्टा गळून गेला होता.

"हे काय झालं हिला?" भावाने विचारले.

मोठ्या डॉक्टरांनी ताईकडे पाहिले. मला वाटले, आता ही खरे बोलेल. ताईने माझ्या अंगावर हात ठेवला आणि म्हणाली, "यंत्र बिघडलं असावं. जुनं झालंय."

"बिघडलं होतं," शिंपीणबाई हळूच म्हणाल्या, "तर आजही बाहेर बसलेल्यांना आत का घेताय?"

ताई फळीवरच्या चादरीची घडी घालत राहिली.

दुरुस्तीचे इंजिनिअर आले. त्यांनी मला तपासून स्पष्ट सांगितले, "यात काही दोष नाही. जेवढं सांगितलं तेवढंच यानं केलंय."

"तरी बदलाच," मोठे डॉक्टर म्हणाले. "लोकांचा विश्वास उडालाय."

नवे यंत्र आले. मला सोडवून बाहेर काढत असताना इंजिनिअरने ताईला विचारले, "जुन्यातलेच आकडे नव्यात भरू का? डॉक्टरांना तेच लागतात."

ताईने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "नको. कारखान्यातलेच राहू द्या. आणि तो इशारा चालू ठेवा. कुणी काही म्हणालं तरी बंद करू नका. मी बघते डॉक्टरांचं."

मित्रांनो, हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते. निदान पुढच्यांना तरी इजा होणार नव्हती. पण मी आतून तुटलो. माझा दोष नाही हे तिला पहिल्यापासून पक्के ठाऊक होते, आणि तरीही तिने माझ्याकडेच बोट दाखवले होते.

शिंपीणबाईंचे केस पुन्हा आले, असे खाटा ठेवायला येणाऱ्या कामगारांच्या बोलण्यातून कळले. पण आता हात कितीही बधिर झाला तरी बाई कोणत्याही यंत्राखाली निजायला तयार नाहीत म्हणे.

तेव्हा मित्रांनो, स्कॅन करायची वेळ आली तर घाबरू नका. फक्त विचारा, 'ही तपासणी लागणारच आहे ना? मात्रा माझ्यापुरतीच ठेवली आहे ना?' आणि उद्या तुमच्या हाती एखादे यंत्र आले, तर त्याचा इशारा कटकटीचा वाटला म्हणून बंद करू नका. चूक घडलीच, तर ज्याला भोगावी लागली त्याच्यासमोर बसून ती सांगा. मी लोखंडाचा आहे, खोटा आळ घेऊन इथे गंजत पडेन. पण त्या बाईंना खरे कारण कळायला हवे होते, आणि ते सांगू शकणारी माणसे रोज त्याच खोलीत कामाला येतात.