चिखलाचे दिवस

डेल्फीन ग्रॅव्हेलच्या घराला घंटा होती. खरी, पितळेची, दोरी ओढून वाजवायची. तिच्या नवऱ्याने, लुसियनने, ती एका मोडीत निघालेल्या शाळेतून आणून दाराशी टांगली होती. पाहुण्यांना ती फार आवडायची. आत कोणी दिसत असलं तरीही ते आधी घंटा वाजवत, मग तिचा फोटो काढत, आणि मग पुन्हा एकदा वाजवत.

बेल्डन हॉलो हे व्हर्माँटमधलं गाव चित्रातल्यासारखं होतं. पांढऱ्या मनोऱ्याचं चर्च, ओढ्यावरचा छपराचा पूल आणि वर डोंगराकडे जाणारा मेपलच्या झाडांमधला कच्चा रस्ता. पानं लाल झाली की त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागे. पानं गळतात न गळतात तोच बर्फावर घसरायला येणारे सुरू, आणि बर्फ सरला की तळ्यावर पोहायला येणारे. डेल्फीन वरच्या तीन खोल्या पाहुण्यांना देई. चादरी बदलायच्या, टॉवेल वाळवायचे, सकाळी अंडी नि पॅनकेक करायचे, आणि कोणी विचारलंच तर हसून सांगायचं की हो, बर्फ खूप पडतो, पण सवय होते. सवय कशाची होते, हे तिने कधी सांगितलं नाही.

तिचा एक नेम होता. लुसियन गेला त्या आजारपणात त्याने तिचा हात धरून म्हटलं होतं, "माझ्यासाठी रोज एक माळ म्हण, डेल्फीन. पण पूर्ण म्हण हं. अर्धी ठेवलीस तर मी तिकडे अर्ध्या वाटेत उभा राहीन." तो मरतानाही चेष्टा करणारा माणूस होता. तिने मात्र ते मनाला लावून घेतलं. संध्याकाळी दिवे लागले की ती खिडकीशी बसे आणि रोझरीची माळ घेई, दहा-दहा मण्यांची पाच दशकं. दुसरं दशक संपत आलं की घंटा वाजे. कोणाला जास्तीचं पांघरूण हवं असे, कोणाला फोनची वायर. ती उठे, देऊन येई, आणि माळ पहिल्यापासून धरे. कधी कधी तीनदा पहिल्यापासून. मग जेवण राही, भांडी राहत, आणि ती अंथरुणावर पडून शेवटचे मणी ओढता ओढता झोपून जाई. सकाळी माळ उशीखाली सापडे. अर्धीच.

माळ न तुटता पूर्ण व्हायची ती फक्त चिखलाच्या दिवसांत. मार्च संपत आला की बर्फ वितळतो, पण खालची जमीन गोठलेलीच असते. पाणी मुरायला जागा नसते, म्हणून रस्त्यांची खीर होते. गावातले लोक गाड्या खाली दुकानापाशी उभ्या करून बूट घालून चालत वर येत. पाहुणा म्हणून कोणी फिरकत नसे. तो ईस्टरआधीचा उपवासकाळही असायचा. डेल्फीन दारावरची 'खोल्या मिळतील'ची पाटी उलटी करी, कॉफीतली साखर सोडी, आणि रोज संध्याकाळी एक अख्खी माळ म्हणे. वर्षभर ती या दिवसांकडे डोळे लावून बसायची. कोणाला बोलून दाखवायची नाही, एवढंच.

आणि तेच दिवस जोसलिन प्रॅटला पाहुण्यांनी भरायचे होते.

जोसलिन बॉस्टनहून निवृत्त होऊन आलेली. चांगली बाई. आजाऱ्याला सूप नेऊन द्यायची, चर्चचे पडदे स्वतः शिवायची. पण तिला रिकामं काही बघवत नसे. फेब्रुवारीत ती डेल्फीनच्या स्वयंपाकघरात आली आणि स्टुलावर बसत म्हणाली, "मिसेस ग्रॅव्हेल, आपलं गाव बारा महिने चालायला हवं. चिखलात लोक का येत नाहीत? मेपलचा रस पाकासाठी तेव्हाच उकळतात! वाफ बघायला येतील. कंदिलांची फेरी काढू. ग्रामसभेत ठराव मांडतेय. तुमचं घर सगळ्यात जुनं. तुमचं काय म्हणणं?"

डेल्फीन टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिच्या तोंडात 'नको' आलं होतं. पण समोर पाहुणी बसलेली, तिच्या हातात आपणच दिलेला कॉफीचा कप.

"बघू," ती म्हणाली.

"वा!" म्हणत जोसलिनने कप रिकामा केला आणि खूश होऊन गेली.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी ग्रामसभा भरली. सकाळी रस्ते, शाळा, बर्फ काढायचं यंत्र यावर वाद झाले. मग जेवण. ग्रामसभेच्या दिवशी सगळं गाव एकत्र जेवतं, आणि जे पूर्वीपासून वाढतात तेच वाढतात. बीन्सची हंडी डेल्फीनची. तिच्या सासूचीही तीच होती. जेवण झालं की बायका सभागृहाच्या मागच्या स्वयंपाकघरात भांडी घासतात आणि पुढे सभा चालू राहते. मधे एक खिडकी आहे, वाढण्यासाठी केलेली. ती उघडी असली की ताटांचा खडखडाट सभेत जातो आणि सभापती घसा खाकरतो. म्हणून डेल्फीन दर वर्षी खिडकीचं झाकण लावून घेई.

त्या दिवशीही लावलं. जोसलिनचा ठराव यादीत अगदी शेवटी होता. हंडी घासून जाऊ, हात वर करू, असा तिचा हिशेब होता. रात्री अंथरुणात तिने मनाशी घोकलंही होतं: उभं राहायचं आणि म्हणायचं, मला हे नको आहे. एवढंच. कारण विचारलं तरी एवढंच.

पण हंडीच्या तळाला बीन्स करपून चिकटले होते. ती खरवडत राहिली. झाकणापलीकडून टाळ्या ऐकू आल्या तेव्हा तिला वाटलं, यंत्राचं ठरलं असेल.

हात पुसत ती बाहेर आली तर लोक खुर्च्यांच्या घड्या करत होते. ऑर्विल टॅफ्ट, तिच्या समोरच्या घरातला म्हातारा, कोट चढवत होता. गाय-बैल सगळं विकून बसलेला, पण ट्रॅक्टर तेवढा ठेवलेला.

"अभिनंदन," तो म्हणाला. "झालं तुझं. एका मताने."

"काय झालं?"

"बारा महिन्यांचं. एका मताच्या फरकाने पास झालं बघ. आणि ते एक मत माझंच म्हण."

डेल्फीनच्या हातात अजून ओलं फडकं होतं. ते तिने घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं.

"तू होकार दिलास?"

"मग? जोसलिन म्हणाली, तुला हवंय. मी इकडे तिकडे बघितलं, तू विरोधाला उभी नाहीस. म्हटलं, डेल्फीनला हवं तर आपलं काय जातं. मला तर त्या चिखलात अडकलेल्या गाड्या ओढून काढाव्या लागणार, तरी हात वर केला." तो थांबला. "नको होतं का तुला?"

ऑर्विलने टोपी काढली.

"अगं मग तोंड शिवलं होतं का तुझं? चाळीस वर्षं समोर राहतेस. पावसापाण्याचं बोलतेस, गुडघ्याचं बोलतेस."

"भांडी घासत होते."

"भांडी!" तो जोरात म्हणाला, आणि खुर्च्या आवरणाऱ्या दोघी वळून बघायला लागल्या तेव्हा आवाज खाली आणला. "हे बघ, मी होकारातला आहे. होकार देणारा फेरविचार मागू शकतो. सभापती अजून दारात आहे. सांग, मागू?"

डेल्फीनने दाराकडे बघितलं. जोसलिन सभापतीशी हात हलवत बोलत होती, तिचे गाल लाल झाले होते. बाकीचे लोक कोटात शिरले होते, कोणाची दूध काढायची वेळ झाली होती. त्या सगळ्यांना पुन्हा खुर्च्या मांडायला लावायच्या, माझ्यासाठी.

"राहू दे," ती म्हणाली.

"राहू दे, बघू, चालेल," ऑर्विल पुटपुटला. "तुझ्या थडग्यावर हेच तीन शब्द कोरणार मी." मग हंडी त्यानेच उचलली आणि घरापर्यंत आणून दिली. वाटेत एकच वाक्य बोलला. "ग्रामसभा गावाला पाटी लावेल, डेल्फीन. तुझं दार ती उघडत नाही. ते तूच उघडतेस."

पाटी लागली. रंगीत पत्रकं छापली, त्यात घंटेचा फोटो आला. डेल्फीनने आपली पाटी उलटी करायला हात लावला आणि तसाच मागे घेतला. गावाने ठरवलंय. आपण तिथे नव्हतो ही आपलीच चूक. तिने मनात म्हटलं, प्रभू, या उपवासकाळात तुला माझी साखर सोडणं नको होतं तर, हे सोडणं हवं होतं. पण असं म्हणतानाही तिला माहीत होतं की हे काही अर्पण नव्हे. द्यायचं म्हणून दिलेलं आणि हातातून निसटलेलं, यात फरक आहे, आणि तो देवालाही कळतो.

पहिले दोन आठवडे कोणी आलं नाही. चिखल यंदा वाईट होता. संध्याकाळी ती माळ घेऊन बसे, पण कान घंटेकडे. माळ पूर्ण होई आणि तरी तुटलेलीच वाटे.

मग एका गुरुवारी, दिवे लागायच्या वेळी, तिसऱ्या दशकावर बोट असताना घंटा वाजली.

डेल्फीनचे हात आपोआप गुडघ्यांवर गेले, उठायला. माळ मांडीवरून घसरली. तिने ती धरली. घंटा पुन्हा वाजली, या वेळी लांब. बाहेर थंडी होती. कोणी तरी पायी चढून आलं असणार, भिजलेलं असणार. तिला सगळं दिसत होतं: दार, ओले बूट, 'सॉरी हं', मग टॉवेल, मग सूप, मग वरची खोली. आणि नंतर अंधारात पुन्हा पहिला मणी.

समोर ऑर्विलच्या स्वयंपाकघरात दिवा होता. माणसं वाऱ्यावर नव्हती. रस्ता ओलांडला की ऊब होती.

तिने डोळे मिटले. "नमो मरिये, कृपापूर्णे," ती म्हणाली, आणि आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला, इतका की तिचा तिलाच परका वाटला. घंटा तिसऱ्यांदा वाजली नाही. चौथं दशक गेलं. पाचव्यात तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तेवढंही त्राण नव्हतं. शेवटी क्रूस ओठांना लावून तिने माळ खिशात ठेवली आणि मग उठली.

दारात कोणी नव्हतं. ओसरीवर चिखलाची पावलं होती, दोन मोठी, दोन लहान. ती पायऱ्या उतरून रस्त्यापलीकडे गेली होती. डेल्फीनने लुसियनचे बूट चढवले आणि त्या पावलांमागून गेली.

ऑर्विलच्या टेबलाशी एक पुरुष आणि एक बाई बसली होती, दोघांच्या पायांत ऑर्विलचे लोकरी मोजे. पुढ्यात बीन्स.

"आलीस?" ऑर्विल म्हणाला. "तुझे पाहुणे माझं जेवण खाऊन बसले. गाडी खाली पुलाजवळ रुतलीय. रस्ता बंदचा फलक दिसला होता म्हणे, पण फोन म्हणाला पुढे जा."

"तुम्ही मिसेस ग्रॅव्हेल ना?" बाई अर्धवट उठली. "पत्रकात बारा महिने लिहिलंय. आम्ही घंटा वाजवली, पण आतून कोणी तरी मोठ्याने..."

"प्रार्थना म्हणत होते," डेल्फीन म्हणाली. "ती चालू असताना मी उठत नाही."

ऑर्विलचा चमचा हवेतच राहिला.

"खोली आहे," ती पुढे म्हणाली. थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही अशी तिला भीती होती. "पलंगावर चादर नाही. कपाटात आहे, तुमची तुम्ही घाला. टॉवेलही तिथेच. सकाळचा नाश्ता मिळणार नाही. या दिवसांत मी तो करत नाही."

"नाश्ता नाही?" पुरुष म्हणाला.

"नाश्ता माझ्याकडे," ऑर्विल घाईने म्हणाला. "अंडी आहेत. पण भांडी तुम्ही घासायची. आमच्याकडे भांडी घासणाऱ्याचं मत जातं, म्हणून गावातलं कोणी घासत नाही आता."

पाहुण्यांना काही कळलं नाही, पण ते हसले. डेल्फीनही थोडीशी हसली असावी. ऑर्विलने तिच्याकडे टक लावून बघितलं आणि मान खाली घालून बीन्स खाऊ लागला.

तिने पाहुण्यांना घरी आणलं, जिना दाखवला, आणि खाली आपल्या खुर्चीत येऊन बसली. तिला फार दमायला झालं होतं. एवढ्याशा बोलण्याने पॅनकेकच्या शंभर घाण्यांइतकं दमायला होतं, हे तिला माहीत नव्हतं. उद्या जोसलिन येणार, विचारणार. तिलाही सांगायचं. घंटेशेजारी संध्याकाळची वेळ लिहून लावायची. तिने मनाशी 'बघू' म्हटलं आणि लगेच खोडून टाकलं. लावायचीच.

वरून पावलांचे आवाज आले. कपाट करकरलं. मग चादर झटकल्याचा आवाज, कुजबुज, पुन्हा झटकली. चादर आडवी धरली होती त्यांनी. डेल्फीनला नुसत्या आवाजावरून कळलं. आता पायाशी ती अपुरी पडणार, मग ते ओढणार, मग डोक्याकडून निघणार. तिचे पाय जमिनीवर सरकले, उठायच्या बेतात.

तिने खिशातली माळ चाचपली आणि पाय पुन्हा खुर्चीखाली घेतले. वर ते दोघं चादर ओढत राहिले, बराच वेळ.