दोन चाकांमधले अंतर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मापकाठी आहे. मोटारीच्या पुढच्या दोन चाकांमधले अंतर मोजणे, एवढेच माझे काम. आधी चाकांच्या पुढच्या बाजूला मोजायचे, मग मागच्या बाजूला. दोन्हींत एखाद-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून वाढला की गाडी स्वतःच्या मनाने वाट धरू लागते.

रोडोपी डोंगरातल्या बस-आगारात क्रस्त्यो मिस्त्री होता. त्याने मला बीच झाडाच्या लाकडाच्या दोन पट्ट्यांपासून घडवले आणि माझ्या अंगावर चाकूने बारीक खुणा कोरल्या. रविवारी त्याच्या अंगणात गाड्यांची रांग लागे. लोक रकियाची, घरी गाळलेल्या फळांच्या दारूची, बाटली घेऊन येत आणि त्याच्याबरोबर माझेही कौतुक करत. पुढे शहरात हेच मोजणारी यंत्रे आली. अंगण ओस पडले आणि मी छपरीत मिरच्यांच्या माळांमागे धूळ खात राहिले.

मग त्याच्या बायकोची, नेद्यालकाची, मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी घाट उतरून न्यावे लागे. गाडी मुलगी वेसेला चालवी. एके दिवशी घाटात पडलेल्या दगडावर चाक आदळले आणि गाडी एका बाजूला ओढू लागली.

"बाबा, शहरात दाखवून आणते."

"मी मेलोय का?" क्रस्त्यो म्हणाला. "काढ ती काठी."

किती वर्षांनी त्याचा हात लागला! पण त्या हाताने खुणा चाचपल्या, तेव्हा मला धसका बसला. त्याला त्या दिसतच नव्हत्या. फरक नऊ मिलिमीटरचा होता. "दोन," तो म्हणाला. "गाडी ठीक आहे." मी ओरडू शकत नव्हते.

तीन आठवड्यांनी, पावसात, वळणावर गाडी घसरली आणि दरीच्या कठड्याला टेकून थांबली. दोघी वाचल्या. घरी आल्यावर वेसेलाने वडिलांचा हात धरून टायरच्या आतल्या कडेवर ठेवला. रबर झिजून तारा वर आल्या होत्या.

"हे दोन मिलिमीटर, बाबा?"

"चाळीस वर्षं मोजतोय मी!"

"क्रस्त्यो," पुढच्या सीटवर घोंगडीत बसलेली नेद्यालका हळूच म्हणाली, "परवा तू साखर समजून चहात मीठ घातलंस. मी मुकाट्याने प्यायले. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. माझंही चुकलंच."

क्रस्त्योने त्या तारांवरून पुन्हा एकदा बोट फिरवले. मग त्याने मला उचलून वेसेलाच्या हातात दिले.

"स्टिअरिंग सरळ बांध. चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे दोन्हीकडचे नट सैल कर. दांडा दोन्ही बाजूंना सारखाच फिरव, पोरी. मग गाडी थोडी पुढे ढकल आणि पुन्हा मोज."

"दोनच आले, बाबा."

"परत मोज."

तिने तीनदा मोजले. तिसऱ्यांदा तो आकडा ऐकून क्रस्त्योने तोंड फिरवले आणि बाहीने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी नवे टायर बसले. त्या गाडीत मागच्या सीटवर बसून तोही शहरात गेला, डोळे दाखवायला.

नेद्यालका आणखी दोन हिवाळे जगली. घाटातल्या रस्त्याने तिला पुन्हा दगा दिला नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंची धूळ झटका, आम्हाला कोरडे ठेवा. पण ज्यांच्या हातात आम्ही असतो, त्या माणसांकडेही लक्ष असू द्या. त्यांना दिसेनासे झाले, तर प्रेमाने पण स्पष्ट सांगा. आम्हाला ते सांगता येत नाही.